देवदूतांच्या नऊ पायऱ्या बायबलमध्ये आहेत का?

29 सप्टेंबरला मीखाएल, गब्रीएल आणि रफाएल यांचा सण झाला, मग 2 ऑक्टोबरला रक्षक देवदूतांचा, आणि त्या आठवड्यात देवदूतांवरचीच चार पत्रं आली. या वेळचं पान त्यांच्यासाठीच ठेवलंय.

प्रश्न : सर, मी माहीमला राहते, सेंट मायकल चर्चची बुधवारची नोव्हेना सहसा चुकवत नाही. आमची सून प्रॉटेस्टंट घरातली आहे, बायबल तिला चांगलं माहितीये. नातवाला कॅटेकिझमच्या, म्हणजे चर्चमधल्या धर्मशिक्षणाच्या, वर्गात "देवदूतांचे नऊ वर्ग" असा चार्ट करायला दिलाय, वर सराफीम, मग करूबीम, असं करत खाली साधे देवदूत. सून म्हणाली, आई, हे नऊ वर्ग बायबलमध्ये कुठे लिहिलेत ते दाखवा, मी स्वतः रंगवून देते. मला दाखवता आलं नाही. चार्ट अर्धवट टेबलावर पडलाय आणि घरात जरा ताण आहे. खरं काय ते सांगाल का?

उत्तर : ताई, सुनेचा प्रश्न एकदम रास्त आहे हे आधी तिला सांगून टाका, आणि चार्ट फाडायचीही गरज नाहीये. कसं ते बघा.

देवदूतांचे नऊ वर्ग आहेत आणि ते अमुक क्रमानं एकाखाली एक आहेत, असं एकही वचन उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत कुठेच नाही. इथपर्यंत सून जिंकली. पण त्या चार्टवरच्या नऊ नावांपैकी एकही नाव कोणी मनानं बनवलेलं नाहीये, प्रत्येक नाव बायबलमध्ये आहे, वेगवेगळ्या पुस्तकांत, वेगवेगळ्या कामासाठी आलेलं. नावं शास्त्रातली आहेत, त्यांची शिडी नंतरच्या लोकांनी बांधली.

हे घरीच करून बघा. नातवाला पेन्सिल द्या, सुनेला बायबल उघडू द्या. आधी इफिसकरांस पत्र काढा, अध्याय 1, वचन 21. ख्रिस्त कोणाकोणाच्या वर बसलाय ते प्रेषित पौल सांगतो : सत्ता, अधिकार, सामर्थ्य, धनीपण. भाषांतराप्रमाणे शब्द थोडे इकडेतिकडे होतील पण नावं चारच. ती लिहून घ्या. आता कलस्सैकरांस पत्र 1:16. इथेही चार नावं येतात, त्यातली तीन मघाचीच, पण सामर्थ्य गायब आहे आणि त्याऐवजी राजासनं आलीयेत. म्हणजे दोन्ही याद्या मिळून झाली पाच. देवदूत तर बायबलभर आहेतच, सहा. प्रमुख देवदूत, ज्याला आपण आर्चएंजल म्हणतो, तो नव्या करारात दोनदाच येतो, 1 थेस्सलनीकाकरांस 4:16 आणि यहूदाचं पत्र, वचन 9. सात. करूबीम उत्पत्तीत एदेन बागेच्या राखणीला उभे आहेत, आठ. आणि सराफीम यशयाच्या सहाव्या अध्यायात, नऊ. झाला हिशोब.

हा हिशोब माझा नाही बरं का. पोप ग्रेगरी, ज्यांना ग्रेगरी द ग्रेट म्हणतात, त्यांनी 6व्या शतकाच्या अखेरीस रोममध्ये एका प्रवचनात तो अगदी असाच मांडलाय, पौलाच्या दोन याद्या शेजारी ठेवून, चार आणि एक पाच, त्यात बाकीचे चार. आणि मला त्यात सगळ्यात जास्त काय भावतं तर ते प्रवचन देवदूतांवर नव्हतंच! ते होतं लूकच्या शुभवर्तमानातल्या 15व्या अध्यायावर. त्या बाईवर, जिच्याकडे दहा नाणी होती, एक हरवलं, म्हणून तिनं दिवा लावला, घर झाडलं, कोपरान् कोपरा शोधला आणि सापडल्यावर शेजारणींना बोलावून आनंद केला. ग्रेगरी म्हणतात की नऊ नाणी म्हणजे देवदूतांचे नऊ वर्ग आणि हरवलेलं दहावं नाणं म्हणजे माणूस. तेव्हा नऊ हा आकडा आला तो त्या दहाव्या नाण्याच्या पाठोपाठ. स्वर्गातली उतरंड लावून दाखवणं हा हेतूच नव्हता, देव माणसासाठी किती खाली वाकून शोधतो ते सांगायचं होतं. ही गोष्ट चार्ट करायला देताना मुलांना सांगितली ना, तर चार्ट वेगळाच दिसेल.

शिडीचा क्रम मात्र दुसऱ्याच माणसाकडून आलाय, आणि इथे सुनेची बाजू पुन्हा जड होते. साधारण 500 सालच्या आसपास सिरियाकडच्या एका ख्रिस्ती लेखकानं ग्रीकमध्ये एक ग्रंथ लिहिला, विषय स्वर्गातली श्रेणी. नाव घेतलं दियोनिसियस अरियोपागी. हा दियोनिसियस म्हणजे प्रेषितांची कृत्ये 17:34 मध्ये अथेन्सला पौलाचं ऐकून विश्वास ठेवणारा माणूस. आता पौलाच्या स्वतःच्या शिष्यानं लिहिलंय म्हटल्यावर कोण शंका घेणार? जवळजवळ हजार वर्षं लोकांनी ते पहिल्या शतकातलं समजून वाचलं. 15व्या शतकात लोरेन्झो वाल्ला या इटालियन विद्वानानं शंका काढली आणि पुढे अभ्यासातून पक्कं झालं की लेखक बराच नंतरचा होता. त्यानं तीन-तीनचे तीन गट केले. पहिल्या गटात सराफीम, करूबीम, राजासनं. मधल्या गटात धनीपण, सामर्थ्य, अधिकार. शेवटच्या गटात सत्ता, प्रमुख देवदूत, देवदूत. नातवाच्या चार्टवर बहुतेक हाच क्रम असेल. ग्रेगरींच्या त्या प्रवचनात मात्र सामर्थ्य आणि सत्ता यांच्या जागांची अदलाबदल आहे. आता बघा, क्रम बायबलमध्येच असता तर इतक्या मोठ्या दोन माणसांच्या क्रमात फरक पडला असता का?

म्हणून हा ग्रंथ फेकून द्यायचा का? मला तसं अजिबात वाटत नाही. त्या लेखकाचं म्हणणं असं की वरचा वर्ग देवाचा प्रकाश घेतो आणि स्वतःजवळ न ठेवता खालच्याला देतो, तो त्याच्या खालच्याला, असं करत तो आपल्यापर्यंत येतो. म्हणजे श्रेणी हुकूम सोडायला नाही, देण्यासाठी आहे. आपल्याकडे साहेब, मोठे साहेब, त्याहून मोठे साहेब म्हटलं की डोळ्यांसमोर जे येतं त्याच्या अगदी उलट. 13व्या शतकात थॉमस अक्वायनसनं यावर पानंच्या पानं लिहिलीत ती याच ओढीनं.

पण त्याच परंपरेत संत ऑगस्टिनही आहेत, ग्रेगरींच्या दीड-पावणेदोनशे वर्षं आधीचे. राजासनं, धनीपण, सत्ता आणि अधिकार यांच्यात फरक काय, यावर ते म्हणतात की ज्यांना जमेल त्यांनी सांगावं, सिद्ध करता आलं तर, मला मात्र ते माहीत नाही हे मी कबूल करतो. एवढा मोठा धर्मपंडित आणि सरळ नाही माहीत म्हणतो! मला हे उत्तर फार आवडतं. आणि तुमच्या सुनेच्या बाजूचे जॉन कॅल्विन, 16व्या शतकातले, ते दियोनिसियसवर चिडलेच होते. त्यांचा मुद्दा असा की पौल तिसऱ्या स्वर्गापर्यंत जाऊन आला, 2 करिंथकरांस 12 मध्ये स्वतःच सांगतो, पण तिथे काय पाहिलं-ऐकलं ते सांगायची माणसाला मुभा नाही म्हणून गप्प बसला, आणि हा माणूस तर असं लिहितो जणू स्वर्गातून नुकताच उतरून डोळ्यांनी पाहिलेलं सांगतोय. भाषा कडक आहे पण मुद्दा खोडता येत नाही.

आणखी एक गोष्ट चार्टवर कधीच नसते. पौल ही नावं का घेतोय? कलस्सैमध्ये काही लोक देवदूतांची उपासना करायला लागले होते, 2:18 वाचा, पौल त्यावर स्पष्ट इशारा देतो. अशा लोकांना तो सांगतोय की राजासनं म्हणा, सत्ता म्हणा, तुम्ही ज्यांची ज्यांची नावं घेता ते सगळे ख्रिस्ताच्या द्वारे आणि ख्रिस्तासाठीच निर्माण झाले. तो वर्ग मोजत नाहीये, असतील तितके सगळे त्याच्या खाली असं म्हणतोय. आणि इफिसकरांस 6:12 मध्ये तर आपलं झगडणं सत्तांशी आणि अधिकाऱ्यांशी आहे असं येतं, म्हणजे तीच नावं विरोधी बाजूलाही! परंपरेनं याचं उत्तर असं दिलं की पतन पावलेले दूत वेगवेगळ्या वर्गांतले होते. पटण्यासारखं आहे, पण तेही जुळवलेलं उत्तर आहे, वचन नाही.

कॅथलिक चर्चची आज शिकवण काय, तर देवदूत आहेत हे विश्वासाचं सत्य आहे, चर्चच्या शिकवणुकीचा जो ग्रंथ, कॅटेकिझम, त्यात परिच्छेद 328 पासून पुढे वाचायला मिळेल. नऊ वर्ग आणि त्यांचा क्रम मानलाच पाहिजे असा सिद्धांत चर्चनं केलेला नाही. ती आदरानं जपलेली परंपरा आहे. मिस्सेत, म्हणजे आपल्या चर्चमधल्या मुख्य उपासनेत, फादर देवदूत, प्रमुख देवदूत, राजासनं अशी नावं घेतात आणि मग आपण सगळे "पवित्र, पवित्र, पवित्र" म्हणतो, ते शब्द यशयानं सराफीमांच्या तोंडून ऐकलेले. सून तिच्या चर्चमध्ये उपासनेला हेच तीन शब्द गात मोठी झाली असणार. विचारून बघा.

चार्ट पूर्ण करा. फक्त प्रत्येक नावासमोर वचन लिहा आणि खाली नातवाच्या अक्षरात एक ओळ येऊ द्या : नावं बायबलमधली, क्रम परंपरेतला. सुनेनं रंगवून देईन म्हटलंय ना, मग तिला शब्द पाळायला लावा.

प्रश्न : मी अंधेरीला कॉलेजला आहे. बायबलमधले करूबीम भयंकर, चार तोंडांचे असतात असे व्हिडिओ सारखे येतात. पण ख्रिसमसला बांद्र्याला हिल रोडवर जे मिळतात ते गुबगुबीत पंखवाले बाळ, त्यालाही चेरबच, म्हणजे इंग्रजीत करूबच, म्हणतात. दोघं एकच कसे?

उत्तर : एक नाहीत, मित्रा. नाव एक राहिलं, चित्र पार बदललं.

यहेज्केल संदेष्टा बाबेलच्या बंदिवासात होता, खबार नदीच्या काठी, तिथे त्याला दर्शन झालं. उत्तरेकडून वादळ, आग, आणि आगीत चार प्राणी. प्रत्येकाला चार तोंडं, माणूस, सिंह, बैल आणि गरुड, चार पंख, पंखांखाली माणसासारखे हात, आणि शेजारी चाकात चाक, ज्यांच्या धावा डोळ्यांनी भरलेल्या. पहिल्या अध्यायात तो त्यांना नुसतं प्राणी म्हणतो, हे करूबीम होते असं दहाव्या अध्यायात सांगतो. व्हिडिओवाले इथपर्यंत बरोबर सांगतात. पण भयंकर म्हणून थांबतात ते मला खटकतं, कारण यहेज्केल घाबरवायला लिहीत नाहीये. यरुशलेमपासून शेकडो मैल लांब, कैदेत, त्याला दिसतं की देवाच्या राजासनाला चाकं आहेत, ते चारी दिशांना जाऊ शकतं. मंदिर मागे राहिलं तरी देव मागे राहिलेला नाही. घरदार सोडावं लागलेल्या माणसासाठी केवढी गोष्ट आहे ही.

करूबीमांचं काम बायबलभर साधारण एकच, पवित्र जागेची राखण किंवा देवाचं आसन वाहणं. उत्पत्ती 3:24 मध्ये ते जीवनाच्या झाडाची वाट राखतात. निर्गम 25 मध्ये कराराच्या कोशावर सोन्याचे दोन करूब, पंख पसरून, एकमेकांकडे तोंड करून. शलमोनाच्या मंदिरात जैतुनाच्या लाकडाचे दोन करूब होते, दहा-दहा हात उंच, म्हणजे जवळपास 15 फूट. कधी फोर्टात गेलास तर पारशी अग्यारीच्या दाराशी बघ, माणसाचं तोंड, बैलाचं अंग आणि पंख असलेली मोठी शिल्पं दिसतील. तो नमुना प्राचीन मेसोपोटेमियाकडचा, राजवाड्याच्या दारावरचे राखणदार. बायबलचे अभ्यासक करूबांची कल्पना याच कुळातल्या राखणदारांच्या शेजारी ठेवून बघतात. चर्चगेटला उतरून चालत जाता येतं, जाऊन ये.

बाळ आलं ते युरोपातून. रोमन कलेत प्रेमदेवाची पंखवाली बाळं असायची, इटलीच्या चित्रकारांनी 15व्या शतकात ती पुन्हा उचलली आणि चर्चच्या चित्रांत बसवली. हनुवटीला हात लावून वर बघणारी दोन बाळं तू शुभेच्छा कार्डावर नक्की पाहिली असशील, ती 1512च्या सुमाराला काढायला घेतलेल्या राफाएल या इटालियन चित्रकाराच्या मरियेच्या चित्राच्या तळाशी आहेत. मूळ चित्र जर्मनीत ड्रेस्डेनला आहे. सुंदरच आहेत ती, गोठ्याच्या देखाव्यात लावायची तर लाव. यहेज्केल वाचताना मात्र ती डोळ्यांसमोर आणू नकोस.

सराफीम वेगळे, हेही जाता जाता सांगतो. देवदूत म्हणून ते यशया 6 मध्येच येतात. सहा पंख, दोनांनी तोंड झाकलेलं, दोनांनी पाय, दोनांनी उडतात. देवाच्या इतक्या जवळ असून तोंड झाकतात, हे वाचताना मी दर वेळी थबकतो. हिब्रू शब्दाचा अर्थ जळणारे. अरण्यात इस्राएल लोकांना जे साप चावले, गणना 21, त्या आग्या सापांनाही हाच शब्द वापरलाय. आणि यशयाच्या दर्शनात सराफीमांतला एक वेदीवरचा निखारा चिमट्यानं उचलतो, यशयाच्या ओठांना लावतो आणि म्हणतो तुझं पाप दूर झालं. चार्टवर सगळ्यात वरच्या पायरीवर ज्याला बसवलाय तो इथे खाली येऊन एका घाबरलेल्या माणसाचे ओठ शुद्ध करतोय.

प्रश्न : मी ख्रिस्ती नाही, गिरगावात राहतो, वाचनाची आवड आहे. सात आर्चएंजल आणि त्यांची नावं असलेलं लॉकेट एका मित्रानं ऑनलाइन मागवलं, त्यात उरीएल, रगुएल अशी नावं आहेत. तुमच्या सणाला मात्र तीनच नावं का?

उत्तर : दादा, चांगला धागा पकडलात. बायबलमध्ये नावानिशी येणारे देवदूत मोजकेच. मीखाएल दानीएलमध्ये, यहूदाच्या पत्रात आणि प्रकटीकरण 12 मध्ये. गब्रीएल दानीएल 8 आणि 9 मध्ये आणि लूकच्या पहिल्या अध्यायात, जखऱ्याकडे आणि मग नासरेथला मरियेकडे. यातला मीखाएल एकटाच असा की ज्याला बायबल "प्रमुख देवदूत" म्हणतं. गब्रीएलला आपण सगळे सर्रास म्हणतो, पण बायबल तसं म्हणत नाही. तो स्वतःची ओळख "मी देवासमोर उभा राहणारा गब्रीएल आहे" एवढीच करून देतो.

यावरून एक गंमतीशीर अडचण येते बघा. वरच्या चार्टमध्ये प्रमुख देवदूत खालून दुसऱ्या पायरीवर, आणि प्रकटीकरणात अजगराशी लढणाऱ्या स्वर्गीय सैन्याचा पुढारी मीखाएल! खालून दुसरा असून सगळ्यांचा सेनापती कसा? म्हणून अनेकांचं मत असं की "प्रमुख देवदूत" हा शब्द बायबलमध्ये पायरीचं नाव नसून नुसतं मुख्य या अर्थानं आलाय. मलाही तेच पटतं. दानीएल 10:13 मात्र त्याला "मुख्य अधिपतींपैकी एक" म्हणतं, म्हणजे त्याच्यासारखे आणखी आहेत. लहान-मोठेपणा देवदूतांत आहे, एवढं बायबलमधून नक्की निघतं. त्याचा तक्ता निघत नाही.

तिसरा रफाएल. तो तोबीतच्या पुस्तकात आहे, आणि हे पुस्तक कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स बायबलमध्ये आहे, प्रॉटेस्टंट बायबलमध्ये नाही. गोष्ट फार गोड आहे. म्हातारा तोबीत आंधळा झालाय, ठेव म्हणून ठेवलेले पैसे आणायला मुलाला लांब मेद देशात पाठवायचंय, सोबतीला एक वाटाड्या मिळतो, नाव अजऱ्या, रोजंदारी ठरते, दोघं निघतात, मागून घरचा कुत्राही निघतो. वाटेत नदीत मासा मिळतो, त्याचं पित्त जपून ठेवतात आणि घरी आल्यावर ते डोळ्यांना लावल्यानं बापाला दिसायला लागतं. मुलगा म्हणतो याला कबूल केल्यापेक्षा जास्त मजुरी देऊ, आणि तेव्हा तो वाटाड्या सांगतो की मी रफाएल, देवासमोर उभ्या असणाऱ्या सात देवदूतांपैकी एक, तोबीत 12:15. सात हा आकडा इथे आणि प्रकटीकरण 8:2 मध्ये येतो. पण बाकीच्यांची नावं? दोन्हीकडे नाहीत.

लॉकेटवरची नावं येतात ती हनोखच्या जुन्या यहुदी ग्रंथासारख्या पुस्तकांतून. इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स चर्चच्या बायबलमध्ये हनोखचं पुस्तक आहे, तिथे उरीएलला मान आहे. बहुतेक इतर चर्चनी ते शास्त्रात घेतलेलं नाही. आणि हा प्रश्न आजचा नाहीये. 745 साली पोप जखऱ्या यांच्यासमोर रोमच्या धर्मसभेत अल्डेबर्ट नावाच्या फिरत्या प्रचारकाचं प्रकरण आलं. त्याच्या प्रार्थनेत उरीएल, रगुएल वगैरे आठ नावं होती. सभेनं सांगितलं की आम्हाला शास्त्रातून तीनच नावं माहीत आहेत. 2001 साली व्हॅटिकननं लोकभक्तीविषयीच्या मार्गदर्शिकेत पुन्हा तेच सांगितलं, या तिघांव्यतिरिक्त देवदूतांना नावं देऊ नका.

तुमच्या मित्राची श्रद्धा दुखवू नका, पण एवढं जरूर सांगा की या तिन्ही नावांचे अर्थ देवाकडेच बोट दाखवतात. मीखाएल म्हणजे देवासारखा कोण आहे, गब्रीएल म्हणजे देवाचं सामर्थ्य, रफाएल म्हणजे देव बरं करतो. आणि प्रकटीकरणाच्या शेवटी योहान देवदूताच्या पायाशी पडतो तेव्हा देवदूतच त्याला थांबवतो, असं करू नकोस, मी तुझ्याबरोबरचा दास आहे, देवाला नमन कर, 22:9.

प्रश्न : माझी भाची चार वर्षांची असताना गेली. शिवडीच्या कबरस्थानात सगळे म्हणत होते की देवाला एक देवदूत कमी पडत होता म्हणून नेली, ती आता देवदूत झाली. बहिणीला त्यानं बरं वाटण्याऐवजी रागच आला. माणूस मेल्यावर देवदूत होतो का? झाला तर कुठल्या वर्गात?

उत्तर : आधी बहिणीला सांगा की तिचा राग बरोबर आहे.

नाही, बायबलप्रमाणे माणूस देवदूत होत नाही. देवदूत वेगळे निर्माण झाले, माणूस वेगळा. येशूनं मत्तय 22:30 मध्ये पुनरुत्थानात लोक देवदूतांसारखे असतील असं म्हटलंय, पण तो प्रश्न लग्नाबद्दलचा होता, तिथे लग्न होणार नाही एवढ्यापुरतं ते "सारखे" आहे. इब्री लोकांस पत्र 1:14 देवदूतांना तारण मिळणाऱ्यांच्या सेवेसाठी पाठवलेले सेवक आत्मे म्हणतं. म्हणजे तुमच्या भाचीच्या सेवेला ते आहेत, तिला त्यांच्यात भरती करून घेतलेलं नाही. आणि देवाला कोणी कमी पडत होतं हे तर कुठेच नाही. दानीएल 7:10 मध्ये हजारो-हजार त्याची सेवा करतात आणि लाखो-लाख समोर उभे आहेत. चार वर्षांचं मूल आईच्या मांडीवरून उचलून ती संख्या भरायची त्याला गरज नव्हती. लोक चांगल्या मनानं बोलतात, कबरीपाशी काय बोलावं कोणालाच सुचत नाही, मलाही सुचलेलं नाही अनेकदा.

येशू लहान मुलांबद्दल काय म्हणाला ते मत्तय 18:10 मध्ये आहे, त्यांचे देवदूत स्वर्गात माझ्या पित्याचं मुख सतत पाहतात. त्यांचे देवदूत, असं आहे ते. मूल मूलच राहतं, देवदूत त्याचा असतो.

वर माहीमच्या ताईंना ग्रेगरींच्या दहा नाण्यांबद्दल लिहिलंय ते बहिणीला वाचून दाखवा. ती बाई दिवा लावून जे शोधते ते दहावं नाणंच शोधते, तेच, दुसरं नाही. भाचीसाठी मिस्सा सांगाल किंवा घरी प्रार्थना ठेवाल तेव्हा तिचं नाव घ्या, घरात जे लाडाचं नाव होतं तेच घ्या.